पेडल मारा, वहिनी

परवा रिक्षानं औरंगपुऱ्यात चालले होते. चौकात एक म्हैस मधे आली म्हणून रिक्षावाल्यानं कचकन ब्रेक मारला, तर चर्रर्र करून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज. माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "दाढा संपल्यात हो तुमच्या!" त्या बिचाऱ्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं आणि स्वतःच्या गालावरून हात फिरवला.

आता त्याला काय सांगू? दाढा म्हणजे ब्रेकचे पॅड, आणि हा शब्द माझा नाही, आमच्या शेजारच्या जाधव सिस्टरांचा. मी पोस्टातून रिटायर झालेली बाई. जन्मभर शिक्के मारले. गाडीतलं मला काडीचं कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही कधी नव्हती. पण वीस-बावीस वर्षं भिंतीला भिंत लावून सिस्टर राहिल्या, त्यामुळं नको नको ते डोक्यात शिरलंय. ते आता या वयात कुठं बाहेर काढू?

सिडकोतल्या आमच्या गल्लीत त्यांना कुणी नावानं हाक मारलेली मला आठवत नाही. लहानथोर सगळे 'सिस्टर' म्हणायचे. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन थेटरात आयुष्य गेलेलं. उंच, हाडापेरानं दणकट बाई, वैजापूरकडच्या शेतकरी घरातली. यजमान लवकर गेले, एकुलता सतीश यांनीच वाढवला. बोलणं खणखणीत, आणि गोड बोलायचं म्हटलं तरी ते हुकूम दिल्यासारखं यायचं. "वहिनी, च्या घ्या," असं त्या म्हणाल्या की माझा हात आपोआप कपाकडं जायचा. आमचे हे त्यांच्यापुढं कधी बनियनवर गेले नाहीत. माझ्यापुढं चोवीस तास बनियनवर असायचे.

रिटायर झाल्यावर बायका देवधर्म करतात, भिशी लावतात. सिस्टरांनी गाडी घेतली. त्यांच्या थेटरातल्या सर्जनची जुनी गाडी होती, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची, लांबलचक. डॉक्टर मुलांकडं परदेशी निघाले तेव्हा म्हणाले, सिस्टर, ही तुम्हीच नीट ठेवाल. या गाडीचं एक खूळ होतं. बाकीच्या गाड्यांना पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतात आणि मागं साधे. हिला चारी चाकांना डिस्क. कुठलाही मेकॅनिक मागचं चाक काढायचा आणि म्हणायचा, "अरेच्चा, इथं पण?" आणि डोकं खाजवायला लागायचा.

"ज्याला बघूनच नवल वाटायलंय, त्याच्या हाती माझा पेशंट कसा देऊ?" सिस्टर म्हणाल्या, आणि स्वतःच पदर खोचला.

पहिल्या वेळेला त्यांनीही घोळच घातला होता. हे त्याच सांगायच्या, तेही पाहुण्यांना हसून हसून. चाकाबरोबर एक लोखंडी थाळी फिरते. तिला दोन बाजूंनी दोन पॅड चावा घेतात आणि गाडी थांबते. ज्या लोखंडी साच्यात हे पॅड बसतात त्याला मेकॅनिक कॅलिपर म्हणतात, सिस्टर जबडा म्हणायच्या. जुने पॅड झिजले की आतलं पिस्टन बाहेर आलेलं असतं. नवे जाड पॅड बसवायचे तर ते आत सारावं लागतं. सिस्टरांनी सुताराचा शिकंजा लावला आणि लागल्या आवळायला. पिस्टन हलेना. आणखी आवळलं. बाईच्या मनगटात लुगडी पिळून कमावलेली ताकद! शेवटी आतून 'कट्' असा आवाज आला आणि सगळा जबडाच कामातून गेला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सलीमभाईंचं गॅरेज होतं. त्यांच्या बायकोचं बाळंतपण अडलं होतं तेव्हा थेटरात याच सिस्टर उभ्या होत्या, त्यामुळं सलीमभाईंना त्यांच्याबद्दल लई आदर. ते धावत आले, जबडा उलटासुलटा करून बघितला आणि कपाळाला हात लावला.

"सिस्टर, ये पीछेवाला दबाने का नई, घुमाने का. इसकू हँडब्रेक जुडेला है. अंदर आटे हैं आटे."

मागच्या पिस्टनला आत स्क्रूसारखे आटे असतात. ते दाबून आत जात नाही, हलक्या हातानं फिरवत फिरवत घालावं लागतं. सलीमभाईंनी एका जुन्या पान्याला दोन खुंट्या जोडून त्यासाठी खास हत्यार बनवून दिलं. सिस्टरांनी ते देवघरातल्या निरांजनाच्या शेजारी ठेवलं. मी विचारलं, "अहो, देवापाशी काय लोखंड?" तर म्हणाल्या, "चूक केली की ती डोळ्यापुढं ठेवायची वहिनी, तिला ट्रंकेत घातली तर ती पुन्हा होतीय."

तेव्हापासून दुसऱ्या कुणाचा हात त्या चाकाला लागला नाही.

आणि तेव्हापासूनच माझी नेमणूक झाली. काम झाल्यावर ड्रायव्हरच्या जागी बसून ब्रेकचं पेडल मारायला त्यांना एक माणूस लागायचं. म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही जन्मभर शिक्केच दाबले ना? मग हे बी दाबा." मी बसले. मला गाडी चालवता येत नव्हती, अजूनही येत नाही, पण त्या हिरव्या गाडीच्या ड्रायव्हरच्या सीटवर माझ्याइतकं दुसरं कुणी रुबाबात बसलं नसेल.

तुम्ही ते काम बघायला हवं होतं. सकाळी ऊन अंगणात यायच्या आत सिस्टर तयार. पायात दवाखान्यातले पांढरे कॅनव्हासचे बूट, साडीवर यजमानांचा जुना शर्ट. पुढची चाकं घरंगळू नयेत म्हणून त्यांना दगडाची ओट. गाडी जॅकवर उचलून खाली लोखंडी घोडी. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवणाऱ्याला त्या 'यमाचा भाचा' म्हणायच्या. मग फरशीवर धुऊन इस्त्री केलेलं हिरवं कापड पसरायचं, थेटरात असतं तसलंच. त्यावर एकेक पाना, ब्रश, ग्रीसची डबी, पॅडच्या पत्र्याच्या क्लिपा, सगळं ओळीनं. मला मोठ्यानं मोजायला लावायच्या. आणि काम संपलं, चाक चढवायची वेळ आली, की पुन्हा मोजायचं. थेटरात पोट शिवायच्या आधी बोळे आणि चिमटे मोजतात, आकडा जुळल्याशिवाय डॉक्टरलाही टाका घालू देत नाहीत, तेच इथं.

जबडा काढला की तो तारेनं वर टांगून ठेवायच्या. एका रबरी नळीतून त्याला ब्रेकचं तेल येतं. "नसेवर लोंबकळू द्यायचा नाय बिचाऱ्याला." ब्रश मारताना तोंडाला फडकं. नव्या पॅडच्या तोंडाला बोटसुद्धा लावायचं नाही. एकदा मी कौतुकानं एक पॅड हातात घेतला. थालीपीठ थापून आले होते, हाताला तेल. सिस्टरांनी माझ्याकडं असं बघितलं की मला पोस्टमास्तरांची आठवण झाली. "आता ही दाढ चावंल का वहिनी? निसटंल ना!" तो कोरा करकरीत पॅड त्यांनी बाजूला टाकला आणि नवा जोड आणेपर्यंत गाडी घोडीवर तशीच ठेवली. माझ्याकडं मात्र त्याच दिवशी संध्याकाळी येऊन थालीपीठ मागून खाल्लं. राग धरून ठेवायची बाईला सवयच नव्हती, म्हणून तर भांडायला मजा यायची.

शेवटी माझी पाळी. सिस्टर बोनेटपाशी उभ्या राहून हुकूम सोडायच्या, "पेडल मारा, वहिनी!" पहिल्या एक-दोन दाबांना पेडल भसकन खाली जायचं, पाय कुठं जातोय कळायचं नाही. पॅड थाळीपासून लांब असतात ना अजून. मग हळूहळू ते घट्ट व्हायचं. "लागला का?" "नाही अजून." "मारा." आणि एकदम दगडावर पाय पडल्यासारखं टणक लागायचं. मी ओरडायचे, "लागला!" हे झाल्याशिवाय गाडी तसूभर हलवायची नाही. कितीतरी शहाण्यासुरत्या माणसांनी सगळं काम चोख करून एवढंच विसरल्यामुळं गाडी भिंतीत घातलीय, असं सलीमभाई सांगायचे.

या मोजणीपायी आमचं एकदा लग्न चुकायची वेळ आली होती. सिल्लोडला माझ्या भाचीचं लग्न, आणि सिस्टर म्हणाल्या, बसनं कशाला मरता, मी नेते. आदल्या दिवशी आवाज आला म्हणून सकाळी त्यांनी पॅड बदलायला घेतले. सगळं झालं. मोजलं, तर एक क्लिप कमी. कापड झटकलं, गाडीखाली सरपटून बघितलं, नाली बघितली. आमचे हे फेटा बांधून अंगणात येरझाऱ्या घालताहेत, मुहूर्त जवळ येतोय. मी म्हटलं, "सिस्टर, अहो एवढीशी पत्र्याची चिप! नसली तर काय होतंय?"

"एवढासा बोळाच पोटात राह्यतो, वहिनी."

बाईनं चढवलेली दोन्ही चाकं पुन्हा उतरवली. दोन्ही जबडे पुन्हा उघडले. क्लिप नाही म्हणजे नाही. ह्यांचा फेटा सुटायला आला, माझ्या डोळ्यात पाणी आलं. मग सिस्टर गार पाणी प्यायला म्हणून ओट्यावर टेकल्या, तेव्हा मला मागून त्यांचा अंबाडा दिसला. क्लिप अंबाड्यात! हात भरलेले म्हणून आकडा खोचावा तशी खोचून ठेवली होती बाईनं. मी ती उपसून त्यांच्या पुढ्यात धरली. आता चिडतील, ओशाळतील, काहीतरी होईल असं वाटलं. सिस्टरांनी क्लिपेकडं बघितलं, डोक्याला हात लावला आणि म्हणाल्या, "बघा! सापडली का नाय? म्हनून मोजायचं." आम्ही सिल्लोडला पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या, पंगत बसली होती. जिलब्या तेवढ्या गरम मिळाल्या.

त्यांच्या नाकाबद्दल तर बोलायलाच नको. थेटरात भुलीच्या वासावरनं पेशंट कुठवर आलाय ते सांगणारी बाई. एकदा कन्नडचा घाट उतरत होतो. पुढं उसाचा ट्रक. सिस्टर एकाएकी म्हणाल्या, "जळायलंय." मला काही वास नाही. त्यांनी हॉर्न देऊन देऊन ट्रक कडेला घ्यायला लावला, उतरल्या, त्याच्या मागच्या चाकापाशी वाकल्या आणि ड्रायव्हरला खाली उतरवला. "हात लाव बरं." पोरगा तरणाबांड, मिशीवाला. म्हणाला, "मावशी, तुम्ही जा ना तुमच्या रस्त्यानं." "मी जाईन रे. तू कुठं जाशील? ब्रेक तापून लाल झालाय. पुढच्या वळणावर पेडल मारशील आन् आई आठवंल." चाक गार होईपर्यंत त्याला तिथं दरडीच्या सावलीला बसवून ठेवला, आमच्या डब्यातली धपाटी खाऊ घातली आणि घाटात कुठला गिअर ठेवायचा यावर झाप झाप झापला. निघताना त्या मिशीवाल्यानं वाकून पाय धरले. सिस्टर म्हणाल्या, "पाय नको धरू, गिअर धर."

पण हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगायचं राहिलंच. गाडी सिस्टरांना मिरवायला नको होती. त्यांची थोरली बहीण होती, आक्का. याच आक्कानं सगळ्या घरादाराशी भांडून धाकटीला नर्सिंगला धाडलं होतं. ती वैजापूरकडं खेड्यात, सासरी. कंबरेपासून खालचं अंग लुळं पडलेलं, वर्षानुवर्षं बाजेवर. यष्टीत चढवता यायची नाही, बैलगाडीचे हिसके सोसायचे नाहीत. या हिरव्या गाडीचं मागचं दार रुंद होतं. दर पंधरवड्याला सिस्टर जायच्या, पेशंट उचलायच्या पद्धतीनं आक्काला अलगद उचलून मागच्या सीटवर ठेवायच्या आणि शेताच्या बांधापाशी गाडी नेऊन उभी करायच्या. दार सताड उघडं. आक्का कपाशी बघायची, वेचणाऱ्या बायांना नावानिशी हाका मारायची, शिव्या घालायची. दोघी बहिणी गाडीत बसून भाकरी खायच्या. मी एकदा बरोबर गेले होते. आक्कानं माझा हात धरून सांगितलं, "बाई, पंधरा दिस मी आढं बघती. ही आली की आभाळ बघती."

आता सतीश. पोरगा गुणी, पुण्यात कॉम्प्युटरवर कामाला. आईच्या काळजीनं नेहमी अर्धा झालेला. त्याला वाटायचं, आईचं वय झालंय, गाडी म्हातारी झालीय, एक दिवस हायवेवर काहीतरी होईल आणि आपण इथं मीटिंगमधे बसलेले असू. त्याचं चूक होतं असं मी म्हणणार नाही, माझी पोरं तर मी रिक्षानं निघाले तरी फोनवर फोन करतात. दर दिवाळीला तो गाडी विकायचं काढायचा. एका दिवाळीला ओट्यावर चकल्या खाता खाता सिस्टरांनी निकालच लावून टाकला.

"हे बघ सतीश. ज्याच्या हातानं दाढा बदलत्यात, त्याच्याच हातात किल्ली. ज्या दिवशी माझ्या हातानं जमणार नाय, त्या दिवशी मी आपणहून फोन करीन. ये आन् किल्ली ने. तवर हा विषय काढायचा नाय. वहिनी साक्षीला हायेत."

सतीश हसला, म्हणाला, "कबूल." त्याला वाटलं असेल, वर्ष-दोन वर्षांचा प्रश्न आहे. आईला ओळखलंच नव्हतं पोरानं.

त्यानंतर पॅड बदलणं म्हणजे सिस्टरांची परीक्षाच झाली. मी पेडलपाशी बसायचे आणि आरशातून त्यांच्याकडं बघायचे. चाक उतरलं, जबडा निघाला, पिस्टन फिरलं, आकडा जुळला. "लागला!" म्हणून ओरडताना मला अलीकडं अलीकडं रडूच फुटायचं. म्हणजे आक्काला आणखी काही महिने आभाळ मिळालं.

मग एकदा त्या माझ्याकडं चहाला आल्या आणि कपबशी वाजायला लागली. सिस्टरांनी बशीकडं बघितलं, मी खिडकीकडं. कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "वहिनी, पुढच्या वेळी गिलासात द्या." एवढंच. निदान त्यांनी स्वतःच केलं होतं, डॉक्टरकडं नुसत्या शिक्कामोर्तबाला गेल्या. उजव्या हाताचा कंप गोळ्यांनी कमी व्हायचा, पुन्हा वाढायचा. गाडी मात्र त्या सांभाळून चालवत होत्या. हात स्टिअरिंगवर टेकलेला असला की थरथरायचा नाही, असं म्हणायच्या. मी त्यांच्याबरोबर बसायचं थांबवलं नाही. मनातून भीती वाटायची, खोटं कशाला बोलू?

त्या हिवाळ्यात आवाज आला. चर्रर्र. दोघींनी ऐकला.

सकाळी हिरवं कापड पसरलं. मोजलं. चाकाचे नट सैल करायला त्यांनी पान्यावर पाय देऊन जोर लावला, ते जमलं. डाव्या बाजूचं काम झालं, पण वेळ फार लागला. सलीमभाईंच्या हत्याराच्या दोन खुंट्या पिस्टनच्या खाचांत बसवायच्या असतात. हात थरथरला की खुंटी निसटायची. पुन्हा बसवायची. पुन्हा निसटायची. डावी बाजू कशीबशी झाली. उजव्या बाजूला जबडा तारेला टांगला, हत्यार लावलं, निसटलं. लावलं, निसटलं. तोंडाचं फडकं घामानं ओलं झालं. मी गाडीतून उतरून त्यांच्याजवळ उकिडवी बसले. अंगणात आम्ही दोघीच होतो.

"द्या इकडं," मी म्हटलं. "मी फिरवते. तुम्ही नुसतं सांगा. कोण बघतंय?"

त्यांनी हत्यार माझ्याकडं दिलं नाही. मांडीवर ठेवलं आणि त्या उघड्या जबड्याकडं बघितलं. त्यांच्या मनात आक्का होती, मला काय कळत नव्हतं? मला वाटलं, बाई, हो म्हण. एकदा हो म्हण, मी कुणाला सांगत नाही.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "थेटरात माझा हात असा हलला असता, तर मी दुसऱ्या सिस्टरला बोलावलं असतं का नसतं?"

मी त्यांच्या मांडीवरचं हत्यार उचलून कापडावर ओळीत ठेवलं.

"फोन आणा आतून."

सतीश दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. गाडी तशीच घोडीवर, उजवं चाक उतरलेलं, कापड पसरलेलं, वरून चादर झाकलेली. सिस्टर खुर्ची टाकून तिच्याजवळ बसलेल्या, पेशंटपाशी बसावं तशा. इतकी वर्षं हवं होतं ते मिळालं तर पोराचं तोंड मात्र रडवेलं. त्यानं आईचे हात हातात घेतले.

"आई, मी टो करणाऱ्यांना बोलावतो. तू काही बघू नको आता."

सिस्टरांनी एक हात सोडवून घेतला, शर्टाच्या खिशातून किल्ली काढली आणि मुठीत धरली.

"नेम काय ठरला होता?"

"तुझ्या हातानं जमणार नाही तेव्हा किल्ली माझी."

"अर्धाच सांगतोस. वहिनी, सांगा पुरा."

मी साक्षीदार. सांगावंच लागलं. "ज्याच्या हातानं दाढा बदलतात, त्याच्याच हातात किल्ली."

सिस्टरांनी किल्ली पुन्हा खिशात टाकली आणि चादरीकडं बोट केलं. बोट थरथरत होतं, पण रोख सरळ होता. "उजवी बाजू राह्यलीय."

पोरानं पुण्याचा इस्त्रीचा शर्ट काढून माझ्याकडं दिला. वडिलांचा जुना शर्ट चढवला. मोजलं. हत्यार हातात घेतलं, आणि आईसारखाच, अगदी आईसारखाच, लागला की जोर करून दाबायला!

"दाबू नको!" सिस्टर आणि मी एकदमच ओरडलो. "फिरव!"

मग तो शिकला. खुंट्या खाचांत बसवल्या, हलकासा भार दिला आणि फिरवायला लागला. पिस्टन इंचा-इंचानं आत जायला लागलं. सिस्टर खुर्चीतून पुढं वाकून बघत होत्या, त्यांचा उजवा हात नुसत्या हवेत तीच फिरकी घेत होता. क्लिपा त्यांनी स्वतःकडं घेतल्या होत्या, पुसून पुसून एकेक त्याच्या हातात देत होत्या. "ग्रीस पॅडच्या तोंडाला नको, कडेच्या कानांना लाव. नस पिळलीय, सरळ कर. हां. लई घाई करायलास, कुठं लग्नाला जायचंय का?"

पॅड बसले. चाक हातात घेऊन सतीश उठला, तशी सिस्टरांनी नुसती भुवई वर केली. त्यानं चाक खाली ठेवलं आणि मोजलं. एक क्लिप कमी.

त्यानं पुन्हा मोजलं. मी कापड झटकलं. दोघं गाडीखाली वाकलो. सिस्टर बाजूला निवांत बसलेल्या. गुडघ्यावर असतानाच सतीशची नजर वर गेली आणि तो थांबला. उठून आईच्या मागं जाऊन उभा राहिला. अंबाडा आता कुठला, पांढऱ्या केसांची लिंबाएवढी गाठ. त्यानं काळ्या झालेल्या बोटांनी त्या गाठीतून क्लिप अलगद काढली. काढली आणि हात तिथंच आईच्या डोक्यावर राहू दिला.

"सापडली का?" सिस्टरांनी मागं न बघता विचारलं.

"सापडली."

"म्हनून मोजायचं."

बाईनं ती विसरून खोचली होती की पोराची परीक्षा घ्यायला, ते मी पुढं कितीदा विचारलं. एकदाही सरळ उत्तर दिलं नाही.

चाक चढलं, गाडी घोडीवरून उतरली. मी सवयीनं ड्रायव्हरच्या सीटकडं निघाले, तर सिस्टरांनी मला हातानं थांबवलं. सतीशला बसवलं. तो पेडल मारत राहिला, आणि मी पहिल्यांदाच बाहेर, बोनेटपाशी, त्यांच्या शेजारी उभी होते.

"लागला का?"

"नाही अजून."

"मार."

मग आतून त्याचा आवाज आला, "लागला, आई!" सिस्टरांनी खिडकीतून किल्ली आत दिली. "तुझी. आता विक नायतर ठेव."

सतीशनं किल्ली घेतली, काळ्या हातांनी स्टिअरिंग धरलं. "आधी मावशीकडं जाऊन येऊ," तो म्हणाला.

गाडी त्यानं विकली नाही. आक्का होती तोवर महिन्याच्या महिन्याला पुण्याहून यायचा, दोघी बहिणींना बांधावर नेऊन बसवायचा. आधी आक्का गेली, मागून दोन हिवाळ्यांनी सिस्टर गेल्या. शेवटी शेवटी त्या पुण्यातच होत्या, माझी भेट झाली नाही. गाडी अजून त्याच्याकडं आहे, पॅड तोच बदलतो आणि बदलले की मला फोन करून एवढंच सांगतो, "काकू, लागला."

पण सिस्टर म्हटलं की मला दिसतो तो त्या दिवशीचा निघतानाचा प्रसंग. सिस्टर मागच्या सीटवर बसल्या. स्वतःच्या गाडीत मागं बसायची ती त्यांची पहिली वेळ. मी गाडीपाशी उभी होते, दार अजून उघडं होतं. सतीशनं गाडी जरा पुढं घेतली आणि ब्रेक बघायला पेडल दाबलं. गाडी जागच्या जागी थांबली, मऊ, कसला आवाज नाही. मी खाली बघितलं. मागच्या सीटसमोर कसलं पेडल? पण पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटातला सिस्टरांचा उजवा पाय सतीशच्याच वेळेला खाली गेला होता आणि पायपोसावर घट्ट दाबून धरलेला होता.

"लागला," त्या पुटपुटल्या, आणि मग पाय उचलला.